पायरीवर आपटलेलं हेल्मेट

आमच्या दुकानात काउंटरखाली टोपलीत कायम पाच-सहा नारळ असत. नवखं गिऱ्हाईक ते बघून विचारायचं, "पावणं, नारळ कसा दिला?" दुकान हेल्मेटचं होतं. जोडीला आरसे, हॉर्न, सीट कव्हर असलं मोटरसायकलचं किरकोळ सामानही असायचं, पण पाटीवर मोठ्या अक्षरांत 'हेल्मेट' एवढंच लिहिलेलं होतं. नारळ विकायला नव्हते, परीक्षेला होते.

ही परीक्षा माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, काढलेली. नव्वदच्या दशकात त्यांनी शिवाजी पेठेच्या तोंडाशी दुकान टाकलं, तेव्हा कोल्हापुरात हेल्मेट घालणारा माणूस एक तर परगावचा समजला जाई, नाहीतर भित्रा. दिवस दिवस एकही हेल्मेट खपत नसे. मग एका सकाळी अप्पांनी एक हेल्मेट घेतलं, आत नारळ ठेवला, तो हलू नये म्हणून भोवती फडकं कोंबलं, पट्टा आवळला आणि डोक्यावर उचलून दुकानाच्या काळ्या दगडाच्या पायरीवर आपटलं. रस्त्यावरची माणसं थांबली. अप्पांनी नारळ बाहेर काढून सगळ्यांना फिरवून दाखवला आणि म्हणाले, "ह्यो फुटला न्हाय, मग तुमचं डोकं कसं फुटंल?"

त्या दिवसापासून दुकान चालायला लागलं. गिऱ्हाईक हेल्मेट पसंत करी, अप्पा ते त्याच्यासमोर आपटत, आणि तेच हेल्मेट तो घेऊन जाई. आतला नारळ फुकट. तो नारळ नेऊन लोक देवासमोर किंवा गाडीपुढं फोडत. आपटताना हेल्मेटच्या माथ्यावर दगडाचा एक पांढरट ओरखडा उठे. पेठेत त्या ओरखड्याला मान होता. माझं कॉलेज संपेपर्यंत मलाही त्याचा अभिमान वाटायचा.

मी दुकानात बसू लागले ते दुसरीकडे कुठं जमलं नाही म्हणून. नोकरीच्या मुलाखतींमध्ये माझ्या तोंडून आवाजच निघत नसे. अप्पा म्हणाले, "घरात बसून काय करतीस, गल्ल्यावर बस." माझं शिक्षण नन्सच्या इंग्रजी शाळेत झालं. मराठी येत होतं, पण पुस्तकातलं. गिऱ्हाइकाला मी "आपल्याला कोणता रंग आवडेल?" असं विचारलं की दुकानातली माणसं एकमेकांकडे बघून हसायची. सगळे मला मॅडम म्हणत आणि जे विचारायचं ते अप्पांना विचारत. माझ्याकडे एकच काम आलं: डोकी मोजणं. ते मला आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हेल्मेट घेताना रंग आणि काच शेवटी बघायची, आधी माप. शिंप्याची टेप भुवयांच्या थोडी वर धरून डोक्याभोवती फिरवायची आणि जो मोठ्यात मोठा घेर येईल तेवढे सेंटीमीटर हा आपला नंबर. नवीन हेल्मेट घट्टच बसलं पाहिजे, गाल जरा दाबले गेले पाहिजेत. डोकं हलवल्यावर कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर माप बरोबर. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते मोठं. मग पट्टा लावून मागच्या बाजूनं वर ओढून बघायचं. निघून आलं, तर ती नुसती टोपी.

हे सगळं मी करून दाखवायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "लई आवळतंय, ढिल्लं द्या." आतून टॉवेल गुंडाळता यावा असं मोठं हेल्मेट मागणारे बरेच होते. एक पैलवान आले होते. कुस्तीनं त्यांचे दोन्ही कान मोडून गोळा झालेले, कुठलंच हेल्मेट कानांवरून खाली उतरेना. "मॅडम, बाजूला दोन भोकं पाडून द्या की," म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यावर त्यांनी आपले कान प्रेमानं चोळले. "मग ऱ्हाऊ दे. ह्ये कान कमवायला निम्मं आयुष्य गेलंय." पोलिसांनी हेल्मेटची मोहीम काढली की वेगळीच गर्दी व्हायची. एकानं तासाभरासाठी भाड्यानं मागितलं होतं. विकत घेणारे नाक्यापर्यंत घालत आणि नाका ओलांडला की कोपरात अडकवत. त्या काळात कोल्हापुरात सगळ्यात सुरक्षित अवयव कोपर होता.

मी बसायला लागून वर्षभर झालं असेल. शोकेसमधलं एक हेल्मेट धुळीनं माखलं होतं, म्हणून आतलं कापड काढून धुवायला घेतलं. अप्पांनी ते एका गिऱ्हाइकासमोर आपटलं होतं, पण सौदा मोडला होता. कापडाखाली पांढरा थर्माकोल असतो. त्यावरून हात फिरवताना माथ्याशी बोट आत गेलं. तिथं वाटीसारखा खड्डा पडला होता, नारळाच्या आकाराचा. वरून मात्र ओरखड्याशिवाय काही दिसत नव्हतं.

कंपनीचे प्रतिनिधी देसाई अधूनमधून पुण्याहून येत. मवाळ माणूस, माझ्याशी सावकाश बोलत. मी त्यांना तो खड्डा दाखवला. त्यांनी आधी अप्पांकडे बघितलं, मग नारळांच्या टोपलीकडे, आणि मला म्हणाले, "हे विकू नका. संपलंय हे."

मग त्यांनी मला आयएसआयचा शिक्का समजावून सांगितला. तो मी तोवर हजारदा बघितला होता, पण तो नेमका काय सांगतो ते ठाऊक नव्हतं. हेल्मेटचं टणक कवच डोकं वाचवत नाही, वाचवतो तो आतला थर्माकोल. मार बसला की तो चेपतो, आणि चेपता चेपता तो धक्का स्वतः खातो. चेपलेला पुन्हा फुगत नाही. म्हणजे हेल्मेट एकदाच कामाला येतं. कारखान्यात तयार मालातली काही हेल्मेटं काढून घेतात, आत धातूचं डोकं बसवतात, उंचावरून लोखंडावर पाडतात आणि आत किती धक्का पोचला ते मोजतात. पट्टा ओढून बघतात, उन्हात आणि पाण्यात ठेवून पुन्हा पाडतात. ती हेल्मेटं पास झाली तरी फेकून देतात. शिक्का मिळतो तो त्यांच्या न आपटलेल्या भावंडांना. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली कारखान्याच्या परवान्याचा.

"म्हणजे ज्याची परीक्षा झाली ते कुणी वापरायचंच नसतं," मी म्हणाले.

"बरोबर. आणि तुमच्या दुकानातून तेवढीच बाहेर जातात," देसाई म्हणाले.

त्यांची गाडी गेल्यावर मी अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी तो खड्डा अंगठ्यानं चाचपून बघितला, बराच वेळ. अप्पा मूर्ख नव्हते. म्हणाले, "नारळ बंद केला तर हेल्मेट कोण घेतंय? लोक बोडक्यानं हिंडतील. ह्ये जरासं चेपलेलं बरं का काहीच नको ते बरं? सांग."

मी एक तोड सुचवली: एकच जुनं हेल्मेट आपटायला ठेवू, आणि गिऱ्हाइकाला त्याच जातीचं सीलबंद देऊ. अप्पांनी मान्य केलं, करूनही बघितलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं सीलबंद खोका परत सरकवला. "ह्ये न्हाय. जे आपटलंय त्येच द्या. त्ये टिकलंय." दुसराही तेच म्हणाला. मी शिक्का दाखवायला गेले, तर त्यानं मला दारात नेऊन समोरच्या फूटपाथकडे बोट केलं. तिथं हेल्मेटचा एक गाडा लागायचा. प्लॅस्टिकच्या टोप्याच त्या, आत स्पंजाची पट्टी. गाडेवाला छापील स्टिकरांचा ताव घेऊन बसला होता आणि त्यातला एकेक आयएसआयचा शिक्का सोलून टोप्यांवर चिकटवत होता.

"शिक्का काय, त्योबी मारतोय," गिऱ्हाईक म्हणालं. "तुमचा खरा कशावरनं?"

"खाली परवान्याचा नंबर आहे."

"त्यो मी कुठं जाऊन बघू, मॅडम?"

माणसांनी डोळ्यांसमोर आपटलेल्या वस्तूवर भरवसा ठेवला, यात त्यांची चूक काय होती? आम्ही मडकं वाजवून घेतो, चप्पल दुमडून घेतो. हेल्मेट तेवढं असं आहे की बघायला गेलं तर संपतं. नारळ पुन्हा सुरू झाला. मी माप घ्यायचे आणि पायरीकडे पाठ करून उभी राहायचे. आवाज ऐकू यायचाच.

सदाकाका अप्पांचे जुने दोस्त. तरुणपणी तालमीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर होते. नंतर हातकणंगल्याकडच्या सूतगिरणीत लागले आणि रोज मोटरसायकलनं जाऊन येऊन करत. दुकानावरून जाताना हटकून थांबत आणि मला चिडवत, "काय मॅडम, आज इंग्लिश हेल्मेट आलंय का मराठी?" मला त्यांचा राग येत नसे. मी न बोलता हसले तरी त्यांना पुरत असे.

हेल्मेट मात्र ते घेत नव्हते. "गोलकीपरनं डोकं झाकलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल व्हय?" असं म्हणायचे. शेवटी त्यांच्या बायकोनं, मंगलकाकूंनी, हट्ट धरला. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की त्या रस्त्यावर संध्याकाळी काही दिसत नाही, मागं दिवा नसतो, लाल फडकंसुद्धा नसतं. काकू स्वतः त्यांना दुकानात घेऊन आल्या.

"भावजी, ह्यांच्या टकुऱ्यात बसंल असं द्या," काकू अप्पांना म्हणाल्या. "आत भुसा हाय, पण माझा हाय."

मी माप घेतलं. मोठं डोकं, साठ. खोक्यातून नवं काढलं, ते नीट घट्ट बसलं. सदाकाका आरशात बघून म्हणाले, "चंद्रावर निघालोय जणू." मग हेल्मेट अप्पांच्या हातात दिलं. "हं, आपटा."

मी तेव्हा बोलले. दुकानात चार माणसं होती, तरी बोलले. "काका, याला आपटू नका. आपटलं की आतला थर्माकोल चेपतो. मग ते वाचवत नाही."

चौघेही हसले, पण वाईट नाही. सदाकाका म्हणाले, "मॅडम, मी गोलपोस्टाला डोकं आपटून किती येळा उठलोय. न आपटलेल्याची काय खात्री?" अप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं. क्षणभर वाटलं, थांबतील. पण मित्र समोर उभा होता, रस्त्यावर माणसं थांबली होती. त्यांनी नारळ घेतला.

पिशवीत भरायचं काम माझं होतं. फळीआड जाऊन मी आपटलेलं खाली ठेवलं आणि त्याच रंगाचं, त्याच मापाचं सीलबंद काढून पिशवीत घातलं. असं मी पहिल्यांदाच केलं. त्या रात्री मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सदाकाका दारात. पूजेला ठेवताना काकू ओरखड्याला हळद लावायला गेल्या, तर ओरखडाच नाही. काका हसत होते, पण आवाज चढलेला. "मॅडम, माल बदलला व्हय? माझ्या डोळ्यादेखत आपटलेलं कुठं हाय?"

माल बदलला, हे दुकानदाराला ऐकायला फार वाईट. अप्पांचा चेहरा उतरला. मी सगळं पुन्हा सांगितलं, त्यांच्या हातातलंच खरं चांगलं आहे म्हणून, पण आता ते चोरी पकडल्यावरच्या सबबीसारखं वाटत होतं. माझे शब्द पुस्तकी होऊ लागले, मग अडकले. अप्पांनी फळीआडून ओरखड्याचं हेल्मेट काढून दोस्ताच्या हातात दिलं आणि माफी मागितली. सदाकाका लगेच निवळले. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "घाबरू नको पोरी. न्हाय सांगत कुणाला."

त्यानंतर ते रोज हेल्मेट घालून जात. पट्टा लावून. दुकानासमोर आले की माथ्यावरच्या ओरखड्यावर बोटानं टकटक करून मला दाखवत.

उसाचा हंगाम संपत आला होता तेव्हा, संध्याकाळी, उभ्या ट्रॉलीवर त्यांची गाडी गेली. मागं दिवा नव्हता. हेल्मेट घातलेलं होतं, तरी डोक्याला मार. दवाखान्यात पोचेपर्यंतही राहिले नाहीत.

देसाईंना मी विचारलं, न आपटलेलं असतं तर? ते म्हणाले, "उभ्या ट्रॉलीवर, त्या वेगात… कुणीच सांगू शकणार नाही. वाचलेही असते, नसतेही." खरं तेवढंच आहे. मी ते अप्पांना सांगितलं. अप्पांनी मान हलवली. त्या दिवशी टोपलीतले नारळ त्यांनी देवळात नेऊन दिले आणि पुन्हा आणले नाहीत.

नारळ बंद झाल्यावर गिऱ्हाईक समोर गेलं. गाडेवाल्यानं नारळ आणले, एक दगड आणला. त्याच्या टोप्यांत थर्माकोलच नव्हता. फडक्यात गच्च गुंडाळलेला नारळ तरीही फुटत नसे. आता तो आवाज दिवसभर समोरून यायला लागला. अप्पा स्टुलावर बसून ऐकत. आम्ही सीट कव्हरवर दुकान चालवत राहिलो.

पुढच्या वर्षी एका दुपारी मंगलकाकू आल्या. बरोबर त्यांची मुलगी, स्वाती. वडिलांच्या जागी तिला गिरणीच्या ऑफिसात घेतलं होतं. मोपेड घेतली होती. रस्ता तोच.

काकू समोरच्या गाड्याकडे गेल्या नव्हत्या. त्या आमच्याकडे आल्या होत्या. "हिचं माप घे बाळ," मला म्हणाल्या. स्वातीचं डोकं लहानसं, छप्पन्न. मी फळीवरून खोका काढला, सील फोडायच्या आत काकूंनी पिशवीतून एक नारळ काढून काउंटरवर ठेवला.

"भावजींनी नारळ बंद केला म्हंत्यात. म्हणून घरनं घेऊन आलोय. ह्यांचं नशीबच फिरलं, त्यात हेल्मेटचा काय दोष. ह्यांचं दिलतं तसंच हिचंबी आपटून द्या."

अप्पा रस्त्याकडे बघत होते. मला कळत होतं की दोनच वाटा आहेत. आपटू द्यायचं, नाहीतर सांगायचं. आणि सांगितलं तर सगळं सांगावं लागेल. खोटं कारण माझ्या मराठीत मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी काकू हेल्मेट घेऊन समोरच्या दगडावर गेल्या असत्या.

देसाईंनी मला उभं कापलेलं एक हेल्मेट दिलं होतं. ते मी काकूंसमोर ठेवलं आणि थर्माकोलवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तसाच राहिला. "काकू, हा एकदाच चेपतो. आपटलं की याचं काम तिथंच संपतं. पडल्यावर मग काही उरत नाही."

काकूंनीही आपला अंगठा दाबून बघितला. आपल्याच अंगठ्याच्या खड्ड्याकडे त्या बघत राहिल्या.

"मग ह्यांचं?"

"काकू, उभी ट्रॉली होती. नक्की कुणालाच सांगता…"

"ह्यांचं आपटल्यालं हुतं न्हवं?"

"हो."

त्या अप्पांकडे वळल्या. "भावजी, तुमाला ठाऊक हुतं?"

अप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं, काहीतरी सांगतील. त्या दिवशीची गर्दी, दोस्ताचा हट्ट. ते एवढंच म्हणाले, "पोरगी सांगत हुती, वहिनी."

काकूंनी स्वातीचं मनगट धरलं आणि त्या पायरी उतरल्या. स्वातीनं एकदा मागं वळून खोक्याकडे बघितलं. नारळ काउंटरवरच राहिला.

दोन दिवसांनी मी तो खोका घेऊन त्यांच्या घरी गेले. काकू दारातच उभ्या राहिल्या. "हेल्मेटच नको आता," म्हणाल्या. "तुमचंबी नको आन् दुसऱ्याचंबी नको. आमी डोळं झाकून डोक्यावर घेतलं हुतं." मी उंबऱ्यावर ठेवू लागले तर त्यांनी तो पायानं हलकेच बाहेर सरकवला. माझ्या अंगावर कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

अप्पा आता दुकानात येत नाहीत. मी एकटी बसते. शिक्का कसा ओळखायचा, माप कसं घ्यायचं, हेल्मेट खाली पडू का द्यायचं नाही, हे विचारणाऱ्याला मी सांगते. विचारणारे थोडे. खरं सांगून मी एका माणसाचंही डोकं झाकू शकलेले नाही, आणि अप्पांनी नारळ आपटून निम्म्या पेठेची झाकली होती.

सकाळी शटर वर करते तेव्हा गिरणीची वेळ असते. ओढणीत चेहरा आणि केस गच्च गुंडाळलेल्या पोरी मोपेडवरून भराभर जातात. नुसते डोळे दिसतात, सगळ्या सारख्याच. तरी त्यातली एक मला रोज ओळखू येते, कारण इतकी वर्षं मी डोकीच मोजली आहेत. छप्पन्न. तो खोका फळीवर आहे, सील तसंच आहे.